कुरवपूर: पोथीतलं बेट आणि तिथली आजची माणसं

मळीकाठ:
नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यातला, शेती कृष्णेच्या मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीत. घरात गुरुचरित्राचा सप्ताह असतो, त्यामुळे दत्तावतारी श्रीपाद श्रीवल्लभांचं स्थान असलेल्या, कृष्णेच्या पात्रातल्या कुरवपूर बेटाचं नाव ऐकतच मोठा झालो. आता उन्हाळ्यात आईला घेऊन जायचं ठरतंय. बोट कुठे मिळते, प्रसाद किती वाजता, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मला विचारायचंय ते वेगळं.

हे बेट मुळात झालं कसं? गाळाचं की दगडाचं? तिथले लोक पिकवतात काय, पोरं शाळेला कुठे जातात? आणि नदी चढली की ही माणसं जातात कुठे? २०१९ ला आमच्या गावाला चारी बाजूंनी पाणी होतं, जनावरं दावी कापून सोडावी लागली. ते पाणी आमच्याकडून ओसरलं म्हणजे खाली त्यांच्या दारात गेलं. आपण कृष्णाकाठचे लोक त्या गावाच्या नावाने हात जोडतो, पण तिथे कोण राहतं हे आपल्याला ठाऊक नाही, हे मला खटकतं. जाऊन आलेल्यांनी आणि त्या भागातल्यांनी सविस्तर लिहावं.

गंगावेशकर:
लई भारी विषय काढलास भावा. बसलो बघ चहा घेऊन.

वाडीकर:
मी नरसोबावाडीचा. आमच्याकडे पाणी चढलं की ते उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. त्याच्याही वर पाणी गेलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. म्हणजे पूर आम्ही देवाच्या नित्यक्रमातच धरलेला आहे.

पण वाडी बेट नाही. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा, तरी पाठीमागे जमीन आहे. शिरोळचा रस्ता बुडेपर्यंत आम्हाला निघता येतं. कुरवपूरच्या माणसाला श्रावणातल्या साध्या पाण्यातही होडीशिवाय पाऊल टाकता येत नाही. मी देवदर्शनाला गेलो होतो, पण गाव बघायचं राहिलंच. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

भूगोलाचे सर:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. बेट दगडाचं, वर माती.

शिरोळ-कुरुंदवाडकडे खाली बेसाल्ट आणि वर काळ्या गाळाचे जाड थर. उतार नावाला, म्हणून नदी नागमोडी जाते. खिद्रापूरच्या कोपेश्वराजवळ तिने घेतलेलं वळण नकाशात बघा. कर्नाटकात शिरल्यावर पुढे हा बेसाल्ट संपतो आणि त्याखालचे फार जुने ग्रॅनाइट आणि नीस हे खडक उघडे पडतात. नारायणपूर धरणाच्या खाली, जलदुर्गाजवळ, नदी थोड्याच अंतरात शंभर मीटरहून जास्त खाली उतरते. तो जलदुर्गही कृष्णेच्या पात्रातल्या बेटावरचा किल्ला, आदिलशाहीतला. सवडीने बघण्यासारखा आहे.

तिथून पुढे रायचूर जिल्ह्यात पात्र रुंद आणि खडकाळ होतं. ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा असतात. पाणी त्या भेगा धरून फाटे काढतं, मधला टणक भाग उभा राहतो, आणि प्रत्येक पुरात त्यावर थोडी माती बसते. कुरवपूर या जातीचं बेट. म्हणूनच ते जागचं हलत नाही. ब्रह्मपुत्रेतल्या माजुलीचं याच्या उलट. ते गाळाचं, त्यामुळे नदीने खाऊन खाऊन ते पूर्वीच्या निम्म्याहून कमी उरलंय. कुरवपूर बुडू शकतं, पण वाहून जाणार नाही.

आता वाडीकरांसाठी एक गोष्ट. भीमा कृष्णेला मिळते ती रायचूरच्या वायव्येला, आणि कुरवपूर त्या संगमाच्या खाली आहे. म्हणजे नरसोबावाडीवरून गेलेलं पाणी आणि पंढरपूर-गाणगापूरवरून आलेलं पाणी एक होऊन या बेटाला वळसा घालतं. दत्त संप्रदायातली दोन मोठी स्थानं दोन नद्यांवर, आणि आद्य स्थान त्या दोन्ही नद्यांच्या एकत्र पाण्यात. पोथी वाचणाऱ्यांनी नकाशाही शेजारी ठेवावा, एवढा हा भूगोल सुंदर आहे.

वाडीकर:
सर, अंगावर काटा आला. इतकी वर्षं पोथी वाचतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

गंगावेशकर:
म्हणजे पंचगंगा घाटावर मी पोहतोय ते पाणी, कोयनेचं, वारणेचं, आणि पुण्यानं खडकवासल्यातनं सोडलेलंबी तिथंच जातंय म्हणा की.

भूगोलाचे सर:
भीमेवरच्या उजनी धरणात अडलं नाही तर होय.

रायचूरची लेक:
माझं माहेर रायचूर, सासर इचलकरंजी. मराठी लिहिताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

बेट कर्नाटकात, रायचूर तालुक्यात. आमच्या काठाला आतकूर गाव, पलीकडच्या काठाला तेलंगणातलं पंचदेवपहाड. दोन्हीकडून होड्या चालतात. कृष्णेच्या पात्रात वस्तीचं हे एकच बेट नाही. कुर्वकला, कुर्वकुर्दा ही नावं दर पावसाळ्यात आमच्याकडच्या पेपरात येतात. शिवाय नारदगड्डे आहे, तिथेही यात्रेकरू जातात.

माणसं शेती करतात, मासे धरतात, होड्या चालवतात. भात, तूर. उपसा पंप नदीत सोडलेले असतात. घरात कन्नड, तेलुगू दोन्ही बोलतात, आणि पुजाऱ्यांच्या घरी तुमच्यामुळे मराठीही चालते. बाजाराला बरेचजण तेलंगणाच्या बाजूने मक्तलला जातात. तहसील, दाखले, खटला यासाठी मात्र रायचूर. रोजचं जगणं एका राज्यात आणि कागदपत्रं दुसऱ्या राज्यात, अशी गत.

पुट्टीबद्दल लिहिते, कारण व्हिडिओत तिची मजा दाखवतात, कसब दाखवत नाहीत. बांबूच्या कामट्यांची विणलेली गोल होडी. खालून पूर्वी चामडं लावत, आता जाड प्लास्टिक आणि डांबर. तिला ना नाक ना शेपूट. नाववाला आधी काठाकाठाने तिला प्रवाहाच्या उलट वर नेतो आणि मग पात्रात सोडतो. नदी खाली ढकलत असते, तो एका आखूड वल्ह्याने समोर ओढत असतो, आणि दोन्ही ओढींच्या मधून पुट्टी तिरपी जाऊन नेमकी घाटाला लागते. किती वर नेऊन सोडायची हे तो पाण्याचा रंग आणि ओढ बघून ठरवतो. पाणी गढूळ झालं की जास्त वर. माझे मामा त्यात मोटारसायकल उभी करून न्यायचे. आता इंजिनाच्या बोटीही आहेत, पण इंजिन बंद पडलं की पुन्हा पुट्टीच बोलावतात.

मळीकाठ:
ताई, अगदी असंच काहीतरी हवं होतं. मनापासून आभार. कुठेही अडखळला नाहीत. पुराचं सांगा ना.

पेठेतला:
पुराचं काय सांगायचं! सगळा घोळ आलमट्टीचा. आपल्या पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, २०१९ ला पाणी गेलं ५५ च्या वर. आता कर्नाटकातलं कृष्णेवरचं ते धरण ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायचं म्हणतात. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० ला परवानगीही दिली. मग कोल्हापूर-सांगली कायमचं बेटच होणार. आपणच बुडत असताना खालच्या बेटाची चिंता कशाला?

पाटबंधारे निवृत्त:
पेठेतले, उंचीच्या वाढीबद्दल तुमची काळजी रास्त आहे, माझाही त्याला विरोध आहे. पण "सगळा घोळ आलमट्टीचा" हे पटत नाही. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने आलमट्टीला त्या पुरासाठी जबाबदार धरलेलं नाही. कमी दिवसांत प्रचंड पाऊस, धरणं आधीच भरत आलेली, आणि नदीच्या पूररेषेत आपण केलेली बांधकामं, हे आपलं आपल्याकडेच आहे.

पेठेतला:
समित्या सरकारच नेमतं. पात्रात पाणी तुंबलेलं आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

पाटबंधारे निवृत्त:
तुंबतं ते पुलांच्या भरावांनी, वळणांनी, आणि दोन नद्या एकाच वेळी चढल्या की संगमावर एकमेकींना अडवतात त्याने. वाडीत हे दर मोठ्या पुराला दिसतं. आणि ज्या मुद्द्यासाठी धागा काढलाय तो बघा. आपण इकडे "आलमट्टीचा विसर्ग वाढवा" म्हणून आंदोलन करतो तेव्हा ते पाणी खाली नारायणपूरच्या बसवसागरात जातं. ते धरण छोटं, फार धरून ठेवू शकत नाही. ते सोडलं की पुढे बेटं. आपल्या मागणीचं पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागतं. मागणी करू नये असं मी म्हणत नाही. आपला जीव वाचायलाच हवा. पण खाली माणसं आहेत हे आपल्या कोणत्याच निवेदनात कधी नसतं.

मळीकाठ:
तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. मीही त्या आंदोलनात होतो आणि पुढेही असेन, पण हे निवेदनात आलं पाहिजे.

रायचूरची लेक:
धन्यवाद काका. आमच्याकडे उलटं ऐकू येतं, "महाराष्ट्राने पाणी सोडलं". तिकडच्या माणसाला कोल्हापूर बुडालंय हे दिसत नसतं.

पुराचं विचारलंत. वरून पाणी सोडल्याची दवंडी आली की आधी होड्या बंद होतात. मग पंप वर काढतात, जनावरं उंच भागात नेतात. सरकारी माणसं बोट घेऊन येतात, काठावरच्या शाळेत चला म्हणतात. बायका, पोरं, म्हातारी माणसं जातात. गडी माणूस गुरांपाशी थांबतो. पेपरात छापतात, "नागरिकांचा स्थलांतरास नकार". अहो, नकार नाही तो. गुरं बोटीत घेत नाहीत आणि गुरं गेली तर पुढचं वर्ष गेलं.

आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये तेलंगणाच्या बाजूने बाजार करून परतणारी पुट्टी उलटली. घरी यायला निघालेली माणसं गेली. त्या दिवसापासून माझी आई कुणालाही पावसाळ्यात कुरवपूरला जा म्हणत नाही.

मळीकाठ:
वाचून सुन्न झालो. २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली ती आठवली. तेही घर सोडून सुरक्षित जागी निघालेले लोक होते. गुरांचं तर आमचंही हुबेहूब असंच झालं. माझे चुलते दोन दिवस माडीवर म्हशींसोबत होते.

औदुंबरछाया:
विषय वेगळीकडे चाललाय. कुरवपूर ही तपोभूमी आहे. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी तिथे चातुर्मास केला, ती गुहा आजही आहे. घोरकष्टोद्धरण स्तोत्र त्यांनी तिथेच रचलं, शके १८३३ म्हणजे १९११. वडाखाली बसलं की मन आपोआप शांत होतं. हे सगळं टिकलंय ते नदीने जपल्यामुळे. पूल होणार असं मध्येमध्ये ऐकू येतं, तो होऊ नये असं मनापासून वाटतं. पूल झाला की गाड्या, हॉटेलं, फ्लेक्स, आणि मग तिथे आणि इतर ठिकाणी फरक काय राहिला?

रायचूरची लेक:
दादा, तुमची श्रद्धा माझीही आहे. माझ्या आजीने दरसाल गुरुद्वादशी तिथे केली. पण बाळंतीण बाईला रात्री पुट्टीतून न्यावं लागतं तेव्हा ती शांती कुणाच्या उपयोगाची? तुम्ही वर्षातून एकदा जाणार, मन शांत करून परत येणार. नदीने अडवलेलं आयुष्य त्यांनी बाराही महिने काढायचं, आपल्याला वातावरण मिळावं म्हणून? पोरं वरच्या वर्गात गेली की काठ ओलांडून शिकायला जातात. पाणी चढलं की शाळा बुडते. वरच्या बाजूला शक्तिनगरला औष्णिक वीज केंद्र १९८५ पासून चाललंय. एवढं मोठं काम त्याच नदीकाठी होऊ शकतं, मग पुलाचं का नाही?

वाडीकर:
ताईंशी सहमत. आमच्या वाडीला रस्ता आहे, पूल आहेत, एसटी येते. पेढे, बासुंदी, कवठाच्या बर्फीची दुकानं आहेत. म्हणून पहाटेच्या काकड आरतीचं काही कमी झालेलं नाही.

औदुंबरछाया:
गर्दीने वाडीचं काय झालंय ते शनिवारी-रविवारी येऊन बघा. पण बाळंतिणीचा मुद्दा मान्य. पूल माणसांपुरता, ॲम्ब्युलन्स जाईल एवढा असावा. गाड्या काठावर थांबवाव्यात.

रायचूरची लेक:
असा झाला तर मी पहिली हात जोडेन.

जुना वाचक:
इतिहासाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. परंपरेने श्रीपाद श्रीवल्लभांचा काळ १३२० ते १३५० धरतात. जन्म आंध्रातल्या पिठापुरात. त्याच काळात, १३४७ ला, बहमनी राज्य सुरू झालं. कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मधला हा रायचूर दुआब. पीक चांगलं, किल्ले मोक्याचे, त्यामुळे विजयनगर आणि बहमनी, पुढे विजयनगर आणि आदिलशाही, दोनशे वर्षं इथे झुंजत राहिले. १५२० ला कृष्णदेवरायाने इस्माईल आदिलशहाचा पराभव करून रायचूर घेतलं.

हे लक्षात ठेवून गुरुचरित्राचा नववा अध्याय पुन्हा वाचा. रजक नदीवर धुणं धुतोय आणि नावेतून लवाजम्यासह राजा जातोय. त्या गरीब माणसाच्या मनात येतं की असं वैभव आपल्याला असतं तर. पुढच्या जन्मी तो बिदरचा सुलतान होतो. लढायांनी पोळलेल्या मुलखात, नदीतल्या एका बेटावर, परीट आणि सुलतान एकाच गोष्टीत येतात आणि दोघांवरही गुरूची माया सारखीच. मला तो अध्याय म्हणूनच फार जवळचा वाटतो. पुढे बहमनींची राजधानीही बिदरलाच गेली.

दुसरं, सीमेचं. ताईंनी जे लिहिलं, बाजार एका राज्यात आणि दाखला दुसऱ्या राज्यात, ते फार जुनं नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात दोन्ही काठ एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली, रायचूर म्हैसूर राज्यात गेलं, पलीकडचा महबूबनगर आंध्र प्रदेशात. नदी होती तिथेच राहिली, पण मधून राज्यांची हद्द गेली. २०१४ ला पलीकडे तेलंगणा झालं. बेटावरच्या एखाद्या नव्वदीच्या आजीने जागेवरून न हलता पलीकडच्या काठाला तीन राज्यांची नावं बदललेली बघितली असणार.

गंगावेशकर:
जुना वाचक, तुम्ही शाळेत असता तर मी इतिहासात पास झालो असतो.

पेठेतला:
सीमाभागाचं दुःख आपल्याला काही नवं नाही. निपाणीला मामाचं घर आहे माझ्या. कार्यालय कुठलं, भाषा कुठली, यात अर्धं आयुष्य जातं. बेटाच्या लोकांचं समजू शकतो. आलमट्टीवर मात्र माझं मत तेच.

पाटबंधारे निवृत्त:
उंची वाढू नये यावर आपलं एकमत आहे, तेवढं धरून चालू.

सोलापुरी चादर:
जायचं कसं ते कुणी नीट लिहिलं नाही. कोल्हापूरहून सोलापूरला या, तिथून रायचूरची रेल्वे धरा. मुंबई-चेन्नई मार्गावरच आहे, गाड्यांना तोटा नाही. हा मार्ग १८७१ ला रायचूरला जोडला गेला, मुंबईकडची आणि मद्रासकडची रेल्वे तिथे येऊन मिळाली. रायचूरच्या आधी कृष्णा नावाचं स्टेशन लागतं आणि मग पूल, तेव्हा खिडकीशी बसा. पात्रातले खडक आणि फाटे, सरांनी लिहिलेत तसे, गाडीतून दिसतात. एक लक्षात ठेवा, वाटेत "वाडी" अशी घोषणा होईल. ते वाडी जंक्शन. तिथे नारळ-खडीसाखर घेऊन उतरू नका.

वाडीकर:
😂 आमचे एक पाहुणे खरंच सामान आवरून दाराशी उभे राहिले होते.

मळीकाठ:
सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. आईचं वय पंचाहत्तर, गुडघे दुखतात. पुट्टीत बसता येईल का? आणि गावात मुक्काम करायचाय. देऊळ बघून लगेच परतायचं नाही, दोन घरी बसून बोलायचंय. चालेल ना त्यांना?

रायचूरची लेक:
माघ ते चैत्र या. पाणी उतरलेलं असतं, ऊन सोसवतं. वैशाखात रायचूरचं ऊन तुमच्या आईंना झेपणार नाही. पुट्टीत खाली मांडी घालून बसावं लागतं, म्हणून इंजिनाची बोट धरा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. दिलं नाही तर पुढच्या बोटीची वाट बघा, संकोच करू नका. जेवणाची सोय पुजारी मंडळींच्या घरी होते, आधी निरोप पाठवावा लागतो. सूर्य मावळायच्या आत पोचा.

आणि बोलायला का नाही चालणार? पुराचा विषय काढा, तुमच्या मळीचं सांगा. म्हशी माडीवर नेल्याचं सांगितलंत की उठूच देणार नाहीत. जाताना वाडीची बर्फी न्या. यात्रेकरू देवाला पेढे आणतात, शेजारच्या घरातल्या पोरांना कुणी काही आणत नाही.

पाटबंधारे निवृत्त:
मळीकाठ, आणखी एक काम करा. तिथल्या दोन-चार जणांचे नंबर त्यांच्या परवानगीने घेऊन ठेवा. पावसाळ्यात आपल्या शिरोळ तालुक्यातल्या कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी पुढे जातंय हे आपल्याला रोज कळतं. ते आकडे तुम्ही तिकडे कळवलेत तर सरकारी दवंडीच्या कितीतरी आधी त्यांना गुरं वर न्यायला वेळ मिळेल. आलमट्टी आणि नारायणपूरचा विसर्गही सोबत द्या, कारण मध्ये दोन धरणं आहेत आणि नुसत्या राजापूरच्या आकड्यावरून अंदाज चुकतो. भीमेसाठी उजनीचा आकडा सोलापूरकर देतील.

सोलापुरी चादर:
उजनीचा माझ्याकडे लागला. रोज सकाळी टाकतो.

मळीकाठ:
काका, हे नक्की करणार. जून लागायच्या आत ग्रुप तयार करतो. ताई, कन्नडमधून लिहायला तुम्ही हव्यात.

रायचूरची लेक:
कन्नड आणि तेलुगू दोन्ही मी बघते. आकडे क्युसेकमध्येच टाका, तिकडेही सगळे क्युसेकमध्येच बोलतात.

गंगावेशकर:
राजाराम बंधाऱ्याची पातळी मी टाकतो, घरापासनं चालत जातोय मी. आणि माघात निघताना गाडीत एक जागा धरा माझी.